बिनचाऱ्याचं चाक

कासाबाईचा लेक रामप्रसाद पुण्यातली कंपनी बंद पडल्यावर गावी परत आला, तेव्हा त्याच्याबरोबर बायको बबिता होती, एक फुगलेली बॅग होती आणि डोक्यात एक चाक होतं. बायको आणि बॅग कासाबाईनं लगेच घरात घेतली. चाकाचा पत्ता मात्र तिला बरेच दिवस लागला नाही. पोरगं मोबाइलमध्ये तोंड घालून बसायचं आणि विचारलं की "काही न्हाई माय" म्हणायचं. आईला "काही न्हाई" म्हणणारी लेकरं काहीतरी शिजवत असतात, हे न कळायला कासाबाई काही कालची आई नव्हती. पण तिच्यामागं कामाचा रगाडा होता, म्हणून तिनं उकरून काढलं नाही.

चैत लागला होता. सोनपेठच्या बाजूला पिकं निघून रानं मोकळी झाली की शेतकरी मेंढ्या बसवून घेतात, आणि कासाबाई आणि तिचा नवरा बिरू यांचं घर त्यावरच चालायचं. दिवसभर कळप चारायचा, सांजच्याला कुणाच्या तरी शेतात वाघूर लावायची, म्हणजे खुंट्यांवर दोरीचं जाळं ताणून वाडा करायचा, आणि रात्रभर मेंढ्या त्यात बसू द्यायच्या. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, ते खत सगळ्यात भारी. त्याच्या बदल्यात शेतकरी ज्वारी देतो. चार-आठ रात्री झाल्या की वाघूर उचलायची, बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि दुसऱ्याचं रान धरायचं. कळप भरलेला असला की शेतकरी घरी येऊन आवतण देतात. कळप फाटका झाला की तेच शेतकरी रामराम घ्यायलाही थांबत नाहीत.

रामप्रसादला मेंढरं वळता येत नव्हती. शाळा आणि मग कंपनी यात त्याचा तो आवाजच तयार झाला नव्हता. बिरूनं जिभेनं नुसतं टक केलं तरी सगळा कळप मान वळवायचा, आणि रामप्रसाद घसा फोडून ओरडला तरी मेंढ्या खाली घातलेलं तोंड वर करायच्या नाहीत. एकदा दुपारी त्याचा डोळा लागला आणि कळप एकाच्या उन्हाळी भुईमुगात घुसला. बिरूला पटका काढून त्या शेतकऱ्याच्या पाया पडावं लागलं. उठता उठता म्हातारा चारचौघांत लेकाला म्हणाला, "तुला मेंढरं राखता येईनात, अन् तू कंपनी राखायला गेलतास व्हय?" लोक हसले. त्या दिवसापासून बाप-लेक एका ताटाला बसले नाहीत, आणि कासाबाई दोघांच्या मधे बसून वेगवेगळ्या ताटांत भाकरी सरकवायची.

चाक बाहेर आलं ते त्यानंतर, बन्सीधरच्या रानात.

बन्सीधर म्हणजे त्या शिवारातला बागायतदार. त्याच्या शेताच्या कडेनं कालव्याची चारी, म्हणजे लहान पाट, जात होती. चारी उंच भरावावरून होती आणि शेत खाली, त्यामुळं भरावाचा उतार शेतात येऊन टेकायचा. कालव्याला पाणी सुटलं होतं आणि चारी काठोकाठ वाहत होती. वाघूर त्या उताराजवळच लावली होती. रामप्रसादनं बन्सीधरला विचारून उतारावर वर एक खड्डा खणला, खाली एक खणला आणि दोन्ही काळ्या चिखलानं लिंपले. मधे लाकडाच्या कानावर, म्हणजे दोन बेचक्यांवर, भंगारातलं चाक बसवलं. चाकाच्या कडेला गोडेतेलाचे पत्र्याचे डबे कापून बांधले. वरच्या खड्ड्यातलं पाणी पाइपातून डब्यांत पडायचं, डबे जड होऊन चाक फिरायचं, आणि चाकाच्या आसाला रहाटासारखी लहान डब्यांची माळ होती, ती खालचं पाणी उचलून पुन्हा वरच्या खड्ड्यात टाकायची. वरचं पाणी चाकाला फिरवणार, चाक पाण्याला वर नेणार. ना लाईट, ना डिझेल, ना बैल.

"याला चारा काय लागतो?" बन्सीधरनं विचारलं.

"काहीच न्हाई," रामप्रसाद म्हणाला. "एकदा भरलं की संपलं. आपलं आपण फिरत ऱ्हायचं."

दोन्ही खड्डे चारीतून बादल्या भरून आणून भरले. बबितानं घागरी घातल्या, कासाबाईनंही घातल्या, कारण पोरगं पहिल्यांदाच काही मागत होतं. रामप्रसादनं पाइपाचा बोळा काढला. चाक कुरकुरलं, डुललं आणि फिरायला लागलं. दिवस मावळला तरी फिरत होतं. पहाटे कासाबाई उठली तेव्हा मेंढ्यांच्या रवंथाबरोबर डब्यांचा खळखळ आवाज तसाच येत होता. तिनं अंधारातच चाकाला हात जोडले, आणि बाजूला बिरू पटका बांधत उभा होता त्यानंही जोडले, फक्त तिला दिसू नये अशा बेतानं.

मग लोक यायला लागले. शेतीची लाईट रात्रीची, तीही कधी येते कधी नाही, डीपी जळाला की महिना महिना वाट पाहायची, त्यामुळं विजेवाचून चालणारं चाक म्हटल्यावर माणसं कामं टाकून आली. आणि आणखी नवल म्हणजे खालच्या खड्ड्यातलं पाणी कमी तर होतच नव्हतं, उलट वाढून काठावरून सांडत होतं. कासाबाईच्या मेंढ्या ते सांडलेलं पाणी प्यायच्या. बघणाऱ्यांचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. चाक फिरतंय ते फिरतंय, वर पाणीसुद्धा पैदा करायलंय, अशी बातमी सोनपेठच्या बाजारापर्यंत गेली. एकानं सांगितलं की पृथ्वी फिरते तिचाच जोर या चाकाला लागतो. दुसऱ्यानं काळ्या मातीत चुंबक असतो म्हणून छातीठोक सांगितलं. तिसरा जाताना चाकापुढं नारळ फोडून गेला आणि खोबरं बबितानं सगळ्यांना वाटलं.

एकटा बिरूच सुरुवातीला कुरकुरला होता. त्यांच्याकडं एक शेळी होती, तिला स्वतःचंच थान तोंडात घेऊन दूध प्यायची खोड लागली होती. अशी शेळी वाळत जाते. आपलंच दूध पिऊन कुणी जाड होत नसतं, म्हणून तिच्या कासेला पिशवी बांधावी लागते. बिरू लेकाला म्हणाला होता, "तुझं चाक त्या शेळीवानी हाय. आपलंच पाणी पिऊन किती दिस जगंल?" पण शेळी वाळत होती आणि चाक तर फिरत होतं, पुन्हा पाणी सांडत होतं. डोळ्यांपुढं दिसणाऱ्या गोष्टीला म्हातारा काय बोलणार? शिवाय चारचौघांत लेकाचा पाणउतारा केल्याचं त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. आता तीच माणसं लेकाला "रामप्रसादभाऊ" म्हणायला लागल्यावर तो विरघळला. एका रात्री त्यानं स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी मोडून लेकाच्या ताटात टाकली. कासाबाईनं ते पाहिलं आणि चुलीच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

तिथंच सगळं थांबलं असतं तर काय हवं होतं. पण रामप्रसादला आता मोठं चाक करायचं होतं, लोखंडी, पुरुषभर उंचीच्या दोन पट, ज्याच्यावर पाच एकर भिजेल. लोखंडाला पैसा पाहिजे. आणि धनगराच्या घरात पैसा चार पायांवर उभा असतो.

योगीराज नावाचा मेंढ्यांचा व्यापारी सोनपेठच्या बाजारातून आला. त्यानं वाघुरीत शिरून मेंढ्यांच्या पाठी चाचपल्या, कास बघितली, दात बघितले आणि कळपातल्या चांगल्या म्हणून जेवढ्या होत्या तेवढ्यांच्या कपाळाला गेरूचं बोट लावलं. निम्मा कळप लाल झाला. बयाना म्हणून त्यानं काही नोटा रामप्रसादच्या हातावर ठेवल्या आणि येत्या बाजाराच्या दिवशी टेम्पो घेऊन येतो म्हणाला.

कासाबाई त्या दिवशी पहिल्यांदा भांडली. राहिलेल्या फाटक्या कळपाला कोण रान देणार, ज्वारी कुठून येणार, असं तिनं बिरूला विचारलं. त्या लाल बोटाच्या मेंढ्यांतली एकेक तिच्या हातावर वाढलेली होती. एकीला तर आई मेल्यावर तिनं लेकाच्या लग्नाच्या गडबडीत बाटलीनं दूध पाजलं होतं. पण बिरू म्हणाला, लेकाला एकदा खाली बघायला लावलं, आता पुन्हा लावणार नाही. आणि लेक म्हणाला, "माय, तू डोळ्यानं बघायलीस न्हवं? फिरायलंय का न्हाई?" फिरत तर होतंच. कासाबाई भाकऱ्या थापायला वळली. पण रात्री वाघुरीत जाऊन लाल कपाळांवरून हात फिरवत ती बराच वेळ उभी राहिली.

बन्सीधरच्या रानातल्या रात्री भरल्या आणि बिऱ्हाड उचलायची वेळ आली. पुढचं आवतण तानुबाईचं होतं. तानुबाई विधवा बाई, जमीन माळावरची, हलकी, तिला मेंढ्यांच्या खताची गरज सगळ्यांपेक्षा जास्त. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, मेंढ्यांबरोबर ते चाकही माझ्या रानात येऊ दे, माझ्याकडं पाणी नाही, चाक पैदा करत असेल तर माझ्या दारात करू दे. रामप्रसादला तेवढंच पाहिजे होतं. घोड्यावर एका बाजूला वाघूर आणि दुसऱ्या बाजूला डबे लादून वरात माळावर गेली. मागं पोरं, बायका, शिवारातली रिकामी माणसं.

माळावर उतार नव्हता. रामप्रसादनं दगडांच्या थरावर निळा ड्रम चढवला, खाली खड्डा लिंपला. पाणी तानुबाईच्या विहिरीच्या तळातून शेंदायचं होतं. ऊन असं की घागरीचं पितळ डोक्यावर चटके द्यायचं. कासाबाई आणि बबितानं खेपा घातल्या, मान आखडली, पण ड्रम भरला. योगीराजनं पाठवलेला एक माणूसही बघायला आला होता. रामप्रसादनं अंगातला शर्ट काढून बाजूला ठेवला आणि बोळा उपसला.

चाक फिरलं. लोकांनी मान डोलावली. थोड्या वेळात ते हळू झालं. माळेतले डबे निम्मेच भरून वर यायला लागले, ड्रमातलं पाणी उतरत चाललं, मग चाक एका जागी डुललं, मागं गेलं, पुढं आलं आणि उभं राहिलं.

पुन्हा भरलं. पुन्हा तसंच. रामप्रसादनं आसाला वंगण घातलं, माळ घट्ट केली, डबे बदलले. तेव्हा बघणाऱ्यांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. कुणी म्हणालं चाकाचं तोंड उत्तरेला पाहिजे, ते फिरवून उत्तरेला केलं. कुणी म्हणालं हलक्या मातीत चुंबक नसतो, म्हणून एकजण सायकल पिटाळत गेला आणि बन्सीधरच्या रानातली काळी माती पाटीभर घेऊन आला, ती खड्ड्यात टाकली. कुणी लिंबू-मिरची बांधली. एका शहाण्यानं सांगितलं की सुरुवातीचा धक्का जोरात बसला पाहिजे, मग कायमचं फिरतं. दोन गड्यांनी धक्का मारला आणि चाक तेवढ्या धक्क्यापुरतं फिरलं. दिवस कलला तशी गर्दी पांगली. जाताना एकजण म्हणाला, "चाक भाकरीला थांबलं असंल." सगळे हसले. रामप्रसाद उघड्या अंगानं चाकाजवळ बसून राहिला, त्याच्या पाठीवर घामाचं मीठ वाळलं होतं. तानुबाईनं त्याला ताक आणून दिलं. कासाबाईला वाटलं, या पोराच्या जागी आपण बसावं आणि लोकांनी आपल्याला हसावं.

दुसऱ्या दिवशी वाघुरीच्या दोन खुंट्या कमी भरल्या. बन्सीधरच्या रानात राहिल्या असणार म्हणून कासाबाई सकाळीच एकटी तिकडं गेली. खुंट्या उताराजवळ पडलेल्या होत्या. त्या काखेत मारून ती वळली आणि तिची नजर वरच्या खड्ड्याकडं गेली.

खड्डा काठोकाठ भरलेला होता.

चाक नव्हतं, माळ नव्हती, पाणी वर टाकणारं कुणीच नव्हतं. तरी वरचा खड्डा भरून काठावरून खाली वाहत होता, खालचा खड्डाही भरलेला, आणि सांडलेल्या पाण्यानं खालची हराळी हिरवीगार झाली होती. कासाबाईनं खुंट्या खाली ठेवल्या. पातळ कासोट्यापर्यंत वर खोचून ती वरच्या खड्ड्यात उतरली. वरचं पाणी उन्हानं कोमट होतं, पण खाली घोट्याला एक गार धार लागत होती. तिनं पाय त्या धारेनं सरकवत नेला. भरावाच्या अंगाला, पाण्याखाली, घुशीचं बीळ होतं, मनगट जाईल एवढं. त्यातून चारीचं पाणी आत ढकललं जात होतं. घुशीनं भराव पोखरला होता, रामप्रसादनं न बघता नेमका त्याच्या तोंडाशी खड्डा खणला होता आणि वरून लिंपलेला चिखल पाण्यात भिजून सुटला होता.

कासाबाई काठावर बसली. तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मेंढ्या वाचल्या होत्या. आता हे जाऊन सांगितलं की योगीराजचा टेम्पो रिकामा परत जाणार होता. पण सांगायचं कसं? काल शिवार हसलं, आज आई सांगणार की बाबा रे, तुझं चाक घूस चालवत होती. बापाच्या ताटातली ती अर्धी भाकरी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आणि गप्प राहावं, तर बाजाराच्या दिवशी लाल कपाळाच्या मेंढ्या टेम्पोत चढणार. तिनं पायाचा चिखल धुतला. मग उठली, खुंट्या उचलल्या आणि माळाची वाट धरली.

लेकाला तिनं एवढंच सांगितलं की चाक पुन्हा बन्सीधरच्या रानात लावून बघ. तो तसाही तेच म्हणत होता, ती जागाच चाकाला मानवते म्हणून. दोघा मायलेकांनीच चाक नेलं, दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही. त्यानं चाक कानावर चढवलं, बोळा काढला, आणि चाक पहिल्यासारखं खळखळ फिरायला लागलं. रामप्रसादच्या तोंडावर तजेला आला. "बग माय," तो म्हणाला, "म्या सांगत होतो न्हवं? जागेत गुण हाय."

"हाय," कासाबाई म्हणाली. "लेकरा, जरा वरच्या खड्ड्यात उतर. गार कुठून लागायलंय बग."

तो उतरला. त्याचा चेहरा कासाबाई बघत होती. आधी तो नुसता उभा राहिला, मग वाकला, हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला आणि तसाच थांबला. बाहेर येऊन त्यानं दोन्ही हातांनी काळ्या चिखलाचा गोळा वळला, पुन्हा आत उतरला आणि बीळ दाबून बुजवलं. मग काठावर बसून चाकाकडं बघत राहिला.

चाक फिरत होतं. मग हळू झालं. वरच्या खड्ड्यातलं पाणी इंचाइंचानं उतरलं, डबे निम्मे रिकामे यायला लागले, आणि चाक माळावर थांबलं होतं तसंच, मागं-पुढं डुलून थांबलं. रामप्रसादनं आत उतरून गोळा काढला. खड्डा भरायला वेळ लागला. भरला, तसं चाक फिरलं. त्यानं पुन्हा बुजवलं, पुन्हा थांबलं. तो परत परत तेच करत राहिला. कासाबाईला बघवेना, ती म्हणाली, "पुरं आता." पण तो थांबला नाही. त्याची बोटं पाण्यानं पांढरी पडली, नखांत चिखल भरला. शेवटी गोळा त्यानं बिळातच ठेवला, वरून दगड दाबला, पायानं चेचला आणि बाहेर आला.

"पाणीच होतं," तो म्हणाला. "चारीचं पाणी वरून खाली पडत होतं. चाकाचं काहीच न्हवतं."

"व्हय."

"जेवढं खाली पडलं त्याच्यातलं थोडंच वर जात होतं. नव्यानं यायलं म्हणून कळलं न्हाई."

कासाबाईला ते सगळं समजलं असं नाही, पण पोराचा आवाज रडका नव्हता, एवढं तिला समजलं. तो कंपनीतून आल्यापासून पहिल्यांदा असा बोलत होता, सावकाश, हातानं दाखवत. त्यांनी चाक उतरवलं. वाटेत त्यानं बन्सीधरच्या घरी थांबून घुशीचं बीळ दाखवलं आणि पक्कं बुजवून घ्या, नाहीतर भराव फुटेल, असंही सांगितलं.

बाजाराच्या दिवशी योगीराजचा टेम्पो तानुबाईच्या माळावर आला. तो आला म्हणून माणसंही आली, कारण चाकाचं पुढं काय झालं याची सगळ्यांना उत्सुकता होती. बन्सीधर आला. बिरू पटका बांधून वाघुरीच्या तोंडाशी उभा होता. बबितानं बयान्याच्या नोटा पदराच्या गाठीत तशाच ठेवलेल्या होत्या, त्या तिनं नवऱ्याच्या हातात दिल्या.

कासाबाईला वाटलं होतं, पोरगं काहीतरी निमित्त सांगेल. मेंढ्या गाभण आहेत म्हणेल, बापाचं मन नाही म्हणेल. तिनं स्वतः तशी दोन-तीन निमित्तं जुळवूनही ठेवली होती. पण रामप्रसाद सगळ्यांच्या मधे जाऊन उभा राहिला आणि त्यानं नोटा योगीराजच्या हातावर ठेवल्या.

"मेंढ्या द्यायच्या न्हाईत," तो म्हणाला. "चाक आपलं आपण फिरत न्हवतं. भरावात घुशीचं बीळ होतं, त्यातून चारीचं पाणी यायचं, त्याच्यावर फिरायचं. म्याच बुजवून बघितलं, थांबलं. आसं चाक कुणालाच करता यायचं न्हाई. मोबाइलात दाखवतेत ती बी लबाडी हाय, कुठंतरी लपवलेलं असतंय. तुमी बी कुणाच्या नादी लागू नका."

मग जो हसला तो पोट धरून हसला, आणि त्याच्यामागं सगळं शिवार हसलं. घुशीचं इंजिन, घुशीची कंपनी, घुशीला पगार किती, एकेकाच्या जिभेला धार आली. योगीराज चिडला. टेम्पोचं भाडं कोण देणार म्हणून त्यानं आवाज चढवला, आणि बन्सीधरनं त्याला बाजूला घेऊन समजावलं. रामप्रसादचे कान लाल झाले होते, पण तो जागचा हलला नाही आणि त्यानं मान खाली घातली नाही.

बिरू वाघुरीच्या तोंडापासून चालत आला. म्हातारा लेकाजवळ गेला, शेजारी उभा राहिला आणि हसणाऱ्यांकडं बघायला लागला. नुसता शेजारी उभा राहिला, खांद्याला खांदा लावून, तेव्हा हसू हळूहळू ओसरलं. एकाला तर चाकापुढं आपणच नारळ फोडल्याचं आठवलं असावं, तो चपला शोधायला लागला.

तानुबाईला मात्र हसू आलंच नव्हतं. ती मघापासून विचार करत होती. तिनं विचारलं, "पर पाणी वरून पडत आसलं, तर चाक फिरतंय ना?"

"फिरतंय," रामप्रसाद म्हणाला. "पडतंय तवर फिरतंय. अन् थोडं पाणी वर बी चढवतंय."

"मंग माझ्या रानाच्या पार खालच्या बांधाखाली चारीचा पायथा हाय, चारी तितं एक पायरी उतरती, तितं पाणी कमरंइतकं खाली कोसळतंय. दिसभर कोसळतंय. ते कुणाच्या कामाचं न्हाई."

रामप्रसाद तिच्याकडं बघत राहिला. बन्सीधर म्हणाला, चाकातून पडलेलं पाणी पुन्हा चारीतच जाणार असेल आणि थोडंच वर घ्यायचं असेल तर कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला विचारता येईल, मी येतो बरोबर. रामप्रसादनं खाली बसून काडीनं मातीत काहीतरी काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. पाच एकर भिजायचं नाही, तो म्हणाला. एक हौद भरेल, मेंढ्यांपुरता आणि चार वाफ्यांपुरता, तेही चारी वाहते तोवरच. तानुबाई म्हणाली, विहिरीच्या तळातून शेंदून माझे हात गेले, मला एक हौद लय झाला.

पाटकऱ्यानं आढेवेढे घेतले आणि मग हो म्हटलं. चाक पायथ्याशी बसलं. पहिल्या दिवशी माळ तुटली, दुसऱ्या दिवशी चाकच वाहून चाललं होतं, ते बिरूनं कमरेएवढ्या पाण्यात उडी टाकून धरलं आणि बाप-लेक दोघं चिखलानं माखून वर आले. मग ते फिरलं. माळेनं बांधाच्या वर उचललेलं पाणी नळीत पडलं आणि तानुबाईच्या हौदात करंगळीएवढी धार पडायला लागली. बघायला फारसं कुणी आलं नाही. करंगळीएवढ्या धारेला कोण बघायला येतं?

संध्याकाळी कासाबाईनं कळप हौदावर आणला. लाल कपाळाच्या मेंढ्या पुढं घुसल्या, गेरू आता पुसट झाला होता. रामप्रसाद हौदाच्या काठावर बसून धारेखाली हात धरत होता. कासाबाई त्याच्याजवळ जाऊन बसली.

"माय," तो म्हणाला, "बीळ तुला आधीच घावलं होतं न्हवं?"

"घावलं होतं."

"मंग मला तवाच सरळ कामून सांगितलं न्हाईस?"

कासाबाईनं एका मेंढीचं तोंड बाजूला करून दुसरीला जागा करून दिली. "म्या सांगितलं आसतं तर तू मह्यासंगं भांडला आसतास," ती म्हणाली. "पाण्यासंगं कुणी भांडत न्हाई."

तो हसला. मग उठला, वाघुरीच्या खुंट्या खांद्यावर घेतल्या, आणि जिभेनं टक केलं. मेंढ्या पाणी पीत राहिल्या, कुणी मान वर केली नाही. त्यानं पुन्हा केलं. हौदाच्या पलीकडच्या एका म्हाताऱ्या मेंढीनं तोंड उचलून त्याच्याकडं बघितलं, ओठांवरून पाणी गळत होतं, आणि ती त्याच्यामागं चालायला लागली.